पाच अब्ज पाहुणे

रविवारी सकाळी साडेआठ वाजता, पोह्यांवर खोबरं भुरभुरता भुरभुरता माझ्या सुनेनं मला विचारलं, "आण्णा, पोट साफ झाल्याला किती दिवस झालं?" बाजूला बोलावून नाही, दबक्या आवाजात नाही. लिंबाची फोड हवी का, असं विचारावं तसं. माझा मुलगा अरिहंत समोर बसला होता, तो मोबाइलमध्ये आणखी खोल शिरला. सहा वर्षांच्या ब्राह्मीनं मात्र खायचं थांबवून माझ्याकडं कौतुकानं बघितलं आणि म्हणाली, आजोबांना शी होत नाही? मी जयपाल मगदूम, वय अडुसष्ट. सांगलीच्या एस्टी स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावरून कधी सुटणार हे अख्ख्या जिल्ह्याला माईकवरून सांगायचो, आणि लोक माझ्या आवाजावर घड्याळं लावायचे, असं निदान मी तरी समजतो. त्या माणसाला साताऱ्यातल्या एका फ्लॅटमध्ये, नातीसमोर, बिनकांद्याच्या पोह्यांसमोर हा प्रश्न. हे काय विचारायचं झालं, एवढंच म्हणालो आणि ताटली सारून उठलो. गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोर अजिंक्यतारा, खाली गोडोलीचा रस्ता, दुधाच्या गाड्या, क्लासला निघालेली पोरं. सगळ्या जगाचं व्यवस्थित चाललेलं दिसत होतं. मला राग आला होता हे खरं. पण त्या रागाच्या मागून आणखी काहीतरी वर येत होतं, आणि ते काय आहे हे कळायच्या आत माझे डोळे भरून आले. आता याला काय म्हणायचं? सुनेनं पोटाची चौकशी केली म्हणून रडणारा सासरा मी तरी ऐकलेला नाही.

राजमती विचारायची. अडतीस वर्षं, रोज, न चुकता. सांगलीच्या गावभागातलं आमचं घर, मागच्या दाराला पितळी तांब्या, मी परसातून येऊन हात धुवायला लागलो की आतून तिचा आवाज यायचा, झालं का? बस, दोनच शब्द. सुरुवातीला मला लाज वाटायची, मग वैताग यायचा, पुढं पुढं मी ऐकेनासाही झालो. हो म्हटलं की चहा टाकायची, नाही म्हटलं की काळ्या मनुका भिजत घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाटीत घालून पुढं ठेवायची, एक शब्द न बोलता. लग्नाला गेलो तरी, श्रवणबेळगोळला गेलो तरी, धर्मशाळेच्या गर्दीत मला शोधून काढून विचारायची. चारचौघांत काय, म्हणून एकदा मी तिच्यावर खेकसलोसुद्धा होतो. तिला जाऊन चौदा महिने झाले. चौदा महिन्यांत मला पुष्कळांनी पुष्कळ विचारलं. पेन्शन वेळेवर येतं का, जेवायचं काय करता, एकटं करमतं का, टीव्ही चालतो का. हे कुणी विचारलं नव्हतं. आणि ही मेढ्याकडची पोर, हवालदाराची लेक, आमच्या जातीची नाही की पातीची नाही, सांगलीचं पाणीसुद्धा न प्यालेली, ती सरळ विचारून मोकळी झाली.

रेश्मा पाठोपाठ गॅलरीत आली. हातात माझी ताटली. ती पोवई नाक्याजवळच्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. रक्त, लघवी आणि ते तिसरं, हे सगळं सकाळी नऊपासून तिच्या टेबलावर ओळीनं मांडलेलं असतं. तिला कसली लाज? तिनं मला सांगितलं की रोज अशा तीसचाळीस डब्या ती बघते, आमदाराची असो नाहीतर हमालाची, आत सारखंच असतं, तवा आण्णा तुमी कशाला लाजताय. मी म्हणालो, मी लाजत नाही. मग ती म्हणाली की तुमी तीन दिवस झालं पेपर घेऊन आत जाताय नि पेपर वाचून भाईर येताय, मला काय कळत न्हाई व्हय? हे साताऱ्याचं पाणी, म्हणालो. पाणी लागलंय मला. सांगलीला परत गेलो की दुसऱ्या दिवशी ठीक होईल. पुढच्या रविवारचं तिकीट काढलेलंच आहे. रेश्मा ताटली माझ्या हातात देऊन आत निघून गेली.

तिकिटाचं असं होतं. मी पंधरा दिवसांसाठी म्हणून आलो होतो. अरिहंतचं म्हणणं, आता इथंच राहा. रेश्माचंही तेच. त्यांनी मागची खोली माझ्यासाठी मोकळी केली होती, माझ्या उंचीला आरसा लावला होता. आणि मला राहायचं होतं. हे आज सांगतो, तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगलीच्या घरी दुपारी तीननंतर जी शांतता पडते ती मला सोसत नव्हती. पण आपण होऊन कुणाच्या घरी पसरायचं नाही हे आमच्या रक्तात. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. त्यात माझे नेम. सूर्यास्ताच्या आत जेवण, कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, पाणी गाळून उकळलेलं. नोकरी करणाऱ्या पोरीनं माझ्यापायी दोन कढया चढवायच्या आणि साडेसहाच्या आत ताट वाढायचं, हे किती दिवस? ती तोंडानं काही बोलत नाही, पण तोंडानं तर मीही काही बोलत नव्हतो. मग पोटानं संप केला. मी त्यात मनातल्या मनात खूश झालो. जायला कारण मिळालं, आणि कारणही असं की त्यावर कुणी वाद घालणार नाही. फक्त एक गोष्ट मी स्वतःपासूनही लपवून ठेवली होती, ती त्या गॅलरीत उघडी पडली. माझं पोट साताऱ्यात बिघडलं नव्हतं. चौदा महिने ते अधूनमधून असंच अडत होतं. चांगलं चालायचं, चालायचं, आणि मग मध्येच तीन-तीन दिवस काही नाही. सांगलीचं पाणी पिऊनच अडत होतं. विचारणारं कुणी नसल्यामुळं मी त्याची नोंद घेतली नव्हती इतकंच. साताऱ्याच्या पाण्यावर मी धादांत खोटा आळ घेतला.

त्याच दिवशी दुपारी रेश्मानं तीन गोष्टी आणल्या. एक पपई, एक प्लास्टिकचं बुटकं स्टूल आणि एक खोका. स्टूल कमोडपुढं पाय ठेवायला, कारण उकिडवं बसायची सवय असलेल्या माणसाला त्या खुर्चीवर काही सुचत नाही, हे तिला कसं कळलं देव जाणे. पपई रोज सकाळी. भरपूर पाणी, आणि संध्याकाळी गोडोलीच्या तळ्यापर्यंत चालायचं. दुखलं, रक्त दिसलं किंवा हे असंच लांबत गेलं तर मुकाट्यानं डॉक्टरकडं, तिथं तुमचं कायबी ऐकणार न्हाई, असंही बजावलं. खोक्यात पुड्या होत्या. तिच्या लॅबच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्या होत्या. पोटातले चांगले जिवाणू कमी झाले की कधीकधी असं अडतं, वरनं थोडे घातले की काहींना बरं वाटतं, सगळ्यांना वाटतंच असं न्हाई, पण बघायला काय जातंय, असं ती म्हणाली. हिरवा ठिपका मी बघून घेतला हां का, आण्णा, हेही तिनं आपणहून सांगितलं. मी चष्मा लावला. एस्टीत असताना परिपत्रकाचा शेवटचा बारीक परिच्छेद आधी वाचायची मला सवय, कारण खरं काय ते तिथंच असतं. खोक्यावर बारीक इंग्रजीत लिहिलं होतं, प्रत्येक पुडीत पाच अब्ज जिवंत जिवाणू. जिवंत. मी खोका टेबलावर ठेवला आणि टेबलापासून जरा लांब बसलो.

हसू नका. आमच्या घरात हा हसण्याचा विषय नव्हता. समडोळीला आमच्या मळ्यातल्या विहिरीवर आई पाणी भरायची तेव्हा घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं असायचं, आणि पाणी भरून झालं की ते फडकं उलटं करून, गाळलेल्या पाण्याची धार वरून सोडून, ती ते अलगद परत विहिरीत विसळायची. मी पाचसहा वर्षांचा असेन. आई, त्यात तर काहीच दिसत नाही, म्हणायचो. ती म्हणायची, तुला दिसत नाही म्हणून त्यांना घर नसतं का? त्यांचं घर विहिरीत, त्यांना घरी सोडायला नको का? घाईच्या दिवसांत, ऊसतोड्यांची भाकरी चुलीवर असताना, घरापासून विहिरीपर्यंत ती परत जायची, फडक्यातल्या न दिसणाऱ्यांना घरी सोडायला. मी काही तिच्याइतका कडक नाही. एस्टीत नोकरी केली, गाड्यांच्या चाकांखाली काय काय गेलं असेल त्याचा विचार करायचा नाही असं ठरवूनच केली. पण मुंगी बाजूला करूनच मी पाय टाकतो, आणि जाणूनबुजून जीव खायचा नाही हा नेम माझा आहे. आता हे पाच अब्ज कुठून कुठून येऊन माझ्या पुढ्यात बसले. गिळायचे? जिवंत? आईला काय सांगू?

हे सगळं मी रेश्माला सांगितलं. मला वाटलं ती हसेल, किंवा शिकलेल्या पोरी करतात तसा चेहरा करेल. तिनं पदर नव्हता तरी पदर सावरल्यासारखं केलं आणि समोर बसली. दही खाता की आण्णा, त्यात असत्यातच, असं म्हणाली असती तर माझ्याकडं उत्तर तयार होतं. आमच्याकडं दह्याला मर्यादा असते, ठरल्या प्रहरांच्या पलीकडं ते चालत नाही, वगैरे वगैरे. मी तासभर बोललो असतो. पण ती ते म्हणालीच नाही. तिनं खोका हातात घेतला, फिरवला, आणि जरा विचार करून म्हणाली, "आण्णा, ते तुमच्या पोटात मरायला न्हाईत जात. ऱ्हायाला जात्यात. तुमी जागा दिली तर."

आईनं न दिसणाऱ्यांना विहिरीत घरी सोडलं, आणि ही म्हणते, न दिसणाऱ्यांना घर द्या. दोघींचं बोलणं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलं आणि भांडलं नाही. मला तर उलट एकदम बरं वाटलं. चला, म्हटलं, आपल्याकडं कुणीतरी राहायला येतंय. सांगलीचं घर चौदा महिने रिकामं खायला उठतंय, निदान पोट तरी भाड्यानं जाऊ दे. भाडं नको, नुसतं राहा. सोमवारपासून सुरू करतो, असं मी तिला सांगितलं, आणि रोज सकाळी पाण्यात घालून प्या म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

सोमवारी पहाटे उठलो, णमोकार म्हटला, पाणी गाळलं, उकळलं, नेहमीच्या स्टीलच्या ग्लासात ओतलं, पुडी फोडली आणि ग्लासात सोडली. पांढरी पूड वरच्या वर फिरली आणि विरघळली. मी ग्लास हातात धरून, आता सांगायला संकोच वाटतो, पण म्हणालो, या. अगदी हळू, ओठातल्या ओठात. मग फुंकून फुंकून प्यालो. मंगळवारी तसंच, बुधवारी तसंच. दिवसभर मला उगाच सोबत असल्यासारखं वाटत होतं. जेवताना घास जरा चावून खाऊ लागलो, आत नवी मंडळी आहेत, त्यांच्या डोक्यात ढेकळं नकोत. तळ्यापर्यंत चालताना, हे बघा हे तळं, हा डोंगर, असं मनात सांगत चाललो. गाडीतल्या नव्या पाहुण्यांना गाव दाखवतात तसं. ब्राह्मीनं विचारलं, आजोबा, तुम्ही कुणाशी बोलता? पाहुण्यांशी, म्हणालो. तिला ते लगेच पटलं. मुलांचं बरं असतं. पण पाहुणे काही काम करीनात. सोमवारी पपईच्या जोरावर नावापुरतं काही झालं, मंगळवारी कोरडं, बुधवारी कोरडं. येऊन पडलेत आणि हातपाय हलवत नाहीत, बसून खाणारे दिसतात, असं मी वैतागून मनात म्हणालो. आणि म्हटल्याबरोबर मला माझीच जीभ चावावीशी वाटली, कारण मी तरी त्या घरात दुसरं काय करत होतो? तिकीट खिशात होतंच. काढून बघितलं, रविवार, सकाळी नऊ, खिडकी. परत ठेवलं.

गुरुवारी रेश्माची दुपारची पाळी होती, त्यामुळं सकाळी ती घरात होती. मी ओट्याशी उभा राहून पुडी सोडली, ग्लास हलवला. ती मागून आली, बघितलं, आणि म्हणाली, आण्णा, वाफ येतीय की. मी म्हणालो, येणारच, पाणी आहे. ती म्हणाली, कढत पाण्यातनं घेताय? रोज? मी म्हणालो, मग कशातनं घेणार? पाणी म्हणजे मी दुसरं काय पितो? तिनं कपाळावर हात मारला, खोका आणला आणि बारीक इंग्रजीतली आणखी एक ओळ बोटानं दाखवली. ती ओळ मी रविवारी वाचली नव्हती. एकतीस वर्षं परिपत्रकाचा शेवटचा परिच्छेद वाचणारा मी, जिवंत या शब्दापाशी अडखळलो आणि पुढं गेलोच नाही. गरम पाण्यात घालू नये, जिवाणू मरतात, असं तिथं लिहिलं होतं. रेश्मा हसायला लागली. तोंडावर हात धरून, ओट्याला टेकून, खांदे हलवत हसली. तिची काय चूक, कुणीही हसलं असतं. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिचं हसू गेलं.

मी खुर्चीवर बसलो होतो. पाच चोक वीस. वीस अब्ज. चार सकाळी, णमोकार म्हणून, या म्हणून बोलावून, उकळत्या पाण्यात. या म्हणालो होतो हो मी. पृथ्वीवर माणसं आठ अब्ज आहेत म्हणतात, मी त्यांच्या अडीच पट मंडळी चार ग्लासांत संपवली आणि वर त्यांना आळशी म्हणालो. मुंगी बाजूला करून पाय टाकणारा माणूस! मला हसूही येत होतं आणि मनातून अपराधीही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. मग त्याच्याही खालून एक थंड विचार आला. मी रोजच तर पाणी उकळतो. जन्मभर. आजपर्यंत त्यात काय काय गेलं असेल? ग्रंथात त्याची उत्तरं आहेत, ऐकली आहेत मी, उकळल्यावर पुढं नवे उपजत नाहीत, म्हणून कमी हिंसा. पण त्या उत्तरांत मी कधी ग्लासाला या म्हणालो नव्हतो. रेश्मा माझ्यापुढं खाली बसली आणि म्हणाली की चूक तिची, गार पाण्यात असं तिनं सांगायला पायजे हुतं. मी म्हणालो, तुझी नाही, आमच्या पाण्याची. ती म्हणाली, आण्णा, त्यास्नी काय कळलं नसंल, लगीच झालं असंल. ती खरोखर माझं सांत्वन करत होती, वीस अब्ज जिवाणूंच्या मयतीला आल्यासारखं. असं माणूस घरात असताना मी तिकीट काढून बसलो होतो.

मोठ्या अक्काला फोन केल्याशिवाय गत नव्हती. कस्तुरी अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, सांगलीतच असते. मुनी महाराजांच्या आहाराचा चौका, म्हणजे सोवळ्यातला स्वयंपाक, लागतो तेव्हा पुढं पहिली तीच, आणि आमच्या अख्ख्या भावकीत प्रायश्चित्ताचा शेवटचा शब्द तिचा. मी अजूनही तिच्याशी बोलताना उभा राहतो, फोनवरसुद्धा. सगळं सांगितलं. बद्धकोष्ठता हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा वापरला, तिच्यापुढं पोट अडलंय म्हणायचा धीर झाला नाही. पुडी, पाच अब्ज, कढत पाणी, वीस अब्ज. मला वाटलं, आता दोन उपास सांगणार, आणि उपासानं माझं आतलं उरलंसुरलंही बंद पडणार. मग असा काही आवाज आला की मला वाटलं तिला खोकल्याची उबळ आली. अक्का हसत होती. सत्त्याहत्तराव्या वर्षी, मी तिला असं हसताना लहानपणीही ऐकलं नव्हतं. हसून झाल्यावर तिनं नाक शिंकरलं आणि एकदम कडक आवाजात विचारलं, रविवारी परत येणार होतास ना? हो म्हणालो. मग तिनं निकाल दिला.

"मेले ते मेले. आता आणखी मारत हिंडू नकोस. मंगळवारी चातुर्मास बसतोय. महाराज लोक चार महिने एका जागी का राहतात? पावसाळ्यात भुई जिवांनी भरलेली असते, पाय टाकला की हिंसा. तूही राहा. चार महिने, एका जागी."

मी म्हणालो, बरं, सांगलीतून हलणार नाही. त्यावर ती म्हणाली, सांगलीत कशाला? पाप कुठं केलंस? साताऱ्यात. मग तिथंच बसून निस्तरायचं. त्या पोरीच्या घरी. मी म्हणालो, अक्का, असं प्रायश्चित्त कुठल्या ग्रंथात आहे? तिनं विचारलं, ग्रंथ तू वाचलेस की मी? मग आवाज उतरवून म्हणाली की तुझ्या घराचं दार मी आठवड्यातून एकदा उघडून झाडून घेईन, राजमती गेल्यापासून तू त्या घरात नुसता भिंतींना टेकून बसतोस, मला काय दिसत नाही होय. आणि फोन ठेवून दिला. मी तसाच उभा. पाप केल्याचा इतका आनंद मला याआधी कधी झाला नव्हता.

पण हे मी कुणाला सांगितलं नाही. का, ते सांगता येत नाही. अक्कानं हुकूम दिला म्हणून राहतो, असं म्हटलं तर पोरांना वाटणार, नाइलाजानं राहतोय. आणि मला राहायचंय म्हणून राहतो, असं म्हणायला जीभ उचलेना. शुक्रवारी सकाळी रेश्मानं स्वतः पाणी आणून दिलं, आदल्या रात्रीचं गाळून उकळून गार केलेलं, दोन्ही धर्म सांभाळलेलं. मी पुडी सोडली. या वेळी काही बोललो नाही, बोलावून घात करणाऱ्याचं तोंड कुठलं? शुक्रवारी चाललो, पपई खाल्ली, दोन पेरू खाल्ले. आणि शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, स्टुलावर पाय ठेवून, पेपरची पहिली घडीसुद्धा उघडायच्या आत, गाडी वेळेवर सुटली. काय सांगू! देह हलका, डोकं हलकं, समोरच्या किल्ल्यावर ऊन पडलेलं, ते ऊनसुद्धा माझ्याच पोटातून बाहेर पडल्यासारखं वाटायला लागलं. पुडीनं झालं म्हणावं, तर रेश्मा म्हणाली, एका दिवसात कसं हुईल आण्णा, पपई असंल, चालणं असंल, नाहीतर आपसूक. शिकलेल्या माणसांचं हे असं, श्रेय कुणाला देऊ देत नाहीत. ब्राह्मीनं टाळ्या वाजवल्या. अरिहंतनं मोबाइलमधून मान वर काढून, छान, म्हटलं, आणि मला वाटतं बापाशी वर्षभरात तो इतक्या मनापासून काही बोलला नव्हता.

आनंद दुपारपर्यंत टिकला. दुपारी पडल्या पडल्या लक्षात आलं, आता कारण उरलं नाही. पोटाचं निमित्त करून जाणार होतो, पोट तर ठणठणीत. आणि राहायचं तर त्यालाही पोटाचा आधार नाही. आता जे काय ते माझं मला तोंडानं बोलायला हवं, आणि नेमकं तेच मला येत नाही. राजमतीलाही मी कधी, तू विचारतेस ते बरं वाटतं, असं म्हणालो नाही. अडतीस वर्षं होती हातात. एकदा म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? हे आठवून मी त्या खोलीत, त्या आरशासमोर, चांगला रडलो. मग तोंड धुतलं.

गॅलरीत जाऊन बसलो, साडेपाचला खोलीत परत आलो तर रेश्मा माझ्या खाटेशी होती. खाटेवर माझी प्रवासाची पिशवी. इस्त्रीचे शर्ट, दोन लेंगे, टॉवेल, सगळं भरलेलं. वर पुड्यांचा नवा खोका, आणि खोक्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, गार पाण्यात. खाली दोन रेघा. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सकाळी नऊची गाडी म्हंजे आठलाच निघाय लागंल, डबा करून देते, बिनबटाट्याचा, असं काहीतरी पिशवीशी बोलत होती. चेन लावत होती, ती अडकत होती, पुन्हा मागं घेत होती. तिचं नाक लाल झालं होतं. मी दारात उभा होतो. आता नाही बोललास तर जयपाल, म्हटलं, उद्या दुपारी तीन वाजता तू आहेस आणि त्या भिंती आहेत.

"रेश्मा, अक्कानं मला प्रायश्चित्त दिलंय," मी म्हणालो. "चातुर्मास. चार महिने एका जागी राहायचं, हलायचं नाही."

तिनं खाली बघतच विचारलं, सांगलीत? मी म्हणालो, नाही, जिथं पाप केलं तिथंच. इथं. मग मला वाटलं, हे अजून अक्काच्या पदराआडूनच चाललंय माझं. म्हणून घसा खाकरला आणि म्हणालो, "अक्काचं राहू दे बाजूला. तिनं सांगितलं नसतं तरी मला राहायचं होतं. तुला चालणार असेल तर."

रेश्मा खाटेच्या कडेवर बसली. चेनवरचा हात तसाच. मग तिनं डोळे पुसले आणि मान वर करून, जरा रागानंच, मला विचारलं, "चारच म्हैनं व्हय, आण्णा?"

मी पुढं झालो, पिशवी ओढून घेतली आणि एकेक शर्ट बाहेर काढायला लागलो. ती म्हणाली, द्या इकडं, घडी मोडतीय.